काकूंच्या मगांची वसुली

अप्पांनी आयुष्यभर लोकांकडून पैसे वसूल केले, पण ते पैसे दुसऱ्याचे होते. दुसऱ्याचे पैसे मागणं आणि स्वतःचे मागणं यांत केवढा फरक आहे, हे त्यांना निवृत्त होईपर्यंत कळलं नव्हतं.

पतपेढीच्या वसुली खात्यात त्यांचं टेबल खिडकीपाशी होतं. त्या टेबलावरून निघालेलं पत्र हातात पडलं, की भलेभले कर्जदार ताटावरून उठत, असं ते स्वतः सांगत. ‘आपणांस पुन्हा एकदा कळविण्यात येते की’ एवढंच ते लिहीत, पण त्यातल्या ‘पुन्हा एकदा’ या दोन शब्दांनी वाचणाऱ्याला घाम फुटे. ऑफिसातले लोक त्यांना पाठीमागे ‘स्मरणपत्र’ म्हणत. अप्पांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

मात्र त्या पत्राच्या डोक्यावर पतपेढीचं नाव छापलेलं असे आणि पायाशी शिक्का असे. नाव आणि शिक्का काढून घेतला, तर मधे उरणारा माणूस कसा होता? तर तो दुकानदाराने सुटे पैसे कमी दिले, की तिथे काही न बोलता घरी येऊन बायकोला सांगणारा माणूस होता.

अप्पांच्या बायकोला सगळी इमारत काकू म्हणे. मुलं आपापल्या संसाराला लागल्यावर काकू मातीकाम शिकल्या. सुरुवातीला त्यांच्या वाट्या अशा होत, की टेबलावर ठेवल्या तर एका बाजूला कलून कोणाची तरी वाट बघत असल्यासारख्या दिसत. पण काकूंनी चिकाटी सोडली नाही. हळूहळू वाट्या सरळ झाल्या, बशा सपाट झाल्या, आणि मग त्यांचा तो मग जमला. ढगाळ निळ्या रंगाचा, पोटाशी थोडा गोल, आणि कानावर अंगठ्यापुरती एक खाच. तो हातात घेतला की अंगठा आपोआप त्या खाचेत जाऊन बसे आणि माणूस नकळत म्हणे, “अरे वा!”

चाक बाल्कनीत मावलं, मातीची पोती न्हाणीघराशेजारी मावली. घरात नव्हती ती फक्त भट्टी. भाजायला सगळं काकूंच्या बाईंकडे न्यावं लागे. बाई म्हणजे ज्यांनी त्यांना हे काम शिकवलं त्या, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या. आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. चाकावरून उतरवून वाळवलेला, पण अजून न भाजलेला मग ही जगातली फार नाजूक वस्तू आहे. पाणी लागलं की तो विरघळतो, धक्का लागला की तुटतो, आणि कधी कधी तर नुसतं रागाने पाहिलं तरी त्याचा कान गळून पडतो. असे मग टोपलीत घालून काकू बसने जात. पोचेपर्यंत काही मगांच्या वाट्या झालेल्या असत.

म्हणून बाई जेव्हा म्हणाल्या, “माझ्याच्याने आता होत नाही. मुलगी न्यायला येणार आहे. ही भट्टी तूच घे, तुझ्यासाठी राखून ठेवते,” तेव्हा काकू घरी येईपर्यंत बसमध्ये एकट्याच हसत होत्या. भट्टी विजेवर चालणारी होती, जुनी होती, पण गुणी होती. किंमतही बाईंनी माहेरच्या माणसाला सांगावी तशी सांगितली होती. तरी तेवढे पैसे काकूंकडे नव्हते.

आणि नेमक्या त्याच सुमाराला शहरातल्या मोठ्या गृहसजावटीच्या शोरूमच्या शेठनी एका प्रदर्शनात काकूंचा मग उचलला, अंगठा खाचेत ठेवला आणि निरोप पाठवला: असे भरपूर हवेत, घाऊक भावाने, बोलायला या. काकूंनी हिशेब केला. घाऊक विक्रीचे सगळे पैसे आले, की भट्टी येत होती. थोडे उरतही होते.

“व्यवहाराचं मी बघतो,” अप्पा म्हणाले. “वसुली हा माझा प्रांत आहे.”

निवृत्त झाल्यापासून अप्पा सकाळी वर्तमानपत्र वाचत, दुपारी तेच पुन्हा वाचत आणि संध्याकाळी त्यातल्या चुका मोजत. या माणसाला काही काम मिळालं तर बरंच होईल, असं काकूंच्या मनात आलं. “बघा तर मग,” त्या म्हणाल्या. या तीन शब्दांचा त्यांना पुढे फार पश्चात्ताप झाला, पण तो त्यांनी कधी बोलून दाखवला नाही.

घाऊक विक्रीची बातमी इमारतीत पसरली आणि सल्ले येऊ लागले. तळमजल्यावरचे वकील हे सोसायटीचे अध्यक्षही होते. इमारतीमागच्या रिकाम्या खोलीत भट्टी ठेवायची परवानगी त्यांच्याच समितीने दिली होती, तीही सहजासहजी नाही. पहिल्या सभेत धुराचा प्रश्न निघाला. भट्टी विजेची आहे, धूर नसतो, असं सांगितल्यावर दुसऱ्या सभेत एक सभासद म्हणाले, धूर नसेल तर ती चालू आहे हे कळणार कसं? त्यावर एक उपसमिती नेमली गेली. असो.

वकील म्हणाले, “अप्पा, अर्धे आधी, अर्धे माल उचलताना. माल दारातून बाहेर गेला की तो तुमचा राहत नाही आणि पैसे तर अजून तुमचे झालेलेच नसतात. मधल्या मधे तुम्ही कोण?”

वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, “माझं सोपं आहे. दात काढून झाल्यावर मी पैसे मागत नाही. तोंड उघडं असताना मागतो.”

काकूंनी अप्पांची तालीम घ्यायचं ठरवलं. त्या स्वतः शेठ झाल्या आणि आरामखुर्चीत रेलून बसल्या.

“बोला.”

“नमस्कार,” अप्पा म्हणाले. “तब्येत कशी आहे आपली?”

“तब्येत ठणठणीत आहे. कामाचं बोला.”

“ते आपलं... म्हणजे आपल्या सोयीने... काही आगाऊ स्वरूपात...”

“किती?”

“तुम्ही म्हणाल तेवढे.”

काकू खुर्चीतून उठल्या. “अहो, मी तुमची बायको आहे. माझ्याकडे मागायला लाजता?”

“तुझ्याकडे कधी मागितलेत मी?”

“रोज मागता. भाजीला जाताना.”

दुसऱ्या तालमीत अप्पांनी ‘अर्धे’ हा शब्द उच्चारला. तिसऱ्या तालमीत तो ऐकू येईल इतक्या मोठ्याने उच्चारला. काकूंनी त्यांना इस्त्रीचा शर्ट दिला आणि रवाना केलं.

शोरूम दुमजली होतं. काचेचं दार आपणहून उघडलं, तेव्हाच अप्पांना अर्धं बरं वाटलं. शेठ गल्ल्यावरून उठून पुढे आले, खुर्ची ओढली आणि म्हणाले, “या साहेब, बसा साहेब. साहेबांना चहा आणा रे.”

निवृत्तीनंतर अप्पांना ‘साहेब’ कोणी म्हटलं नव्हतं. भाजीवाला काका म्हणे, रिक्षावाला आजोबा म्हणे, बँकेतली मुलगी तर ‘नेक्स्ट’ म्हणे. अप्पा खुर्चीत बसले ते थोडे उंच होऊनच बसले. बोलणं चांगलं झालं. भाव ठरला, मग किती हवेत ते ठरलं, मुदत ठरली. आणि मग अप्पांनी तोंड उघडायच्या आत शेठनी स्वतःच ड्रॉवर ओढून चेकबुक बाहेर काढलं.

“अर्धे आत्ता देऊन टाकतो,” ते पेनाचं टोपण काढत म्हणाले. “आम्ही सगळ्याच कारागिरांना आधी देतो. त्यांची ओढाताण असते ना हो.”

कारागिरांना! अप्पांच्या कानात तो शब्द खडा जावा तसा गेला. आता कारागीर असणं यात कमीपणाचं काय आहे? काहीच नाही. काकू दिवसभर चाकावर बसत, त्यांच्या नखांत माती असे, त्या कारागीर नव्हत्या तर कोण होत्या? पण दोन घोट चहापूर्वी साहेब झालेला माणूस इतक्या लवकर ओढाताणवाला व्हायला तयार नव्हता. अप्पांचा हात आपोआप वर गेला आणि त्यांनी स्वतःच्याच तोंडून निघालेलं वाक्य ऐकलं.

“छे छे, राहू द्या हो. आमचं काही तसं नाही. माल पोचू दे, पसंत पडू दे, मग सावकाश बघू.”

“बघा हं साहेब. मला काही अडचण नाही.”

“विश्वास आहे आमचा,” अप्पा म्हणाले. शेठनी ड्रॉवर बंद केला.

घरी काकू मातीचे हात तसेच धरून दारात उभ्या होत्या. “काय झालं?”

“फार सज्जन माणूस आहे.”

“अर्धे दिले?”

अप्पांनी चप्पल जागेवर ठेवली, मग उचलून परत नीट ठेवली. “एकेकाची पद्धत असते. माल पोचला की सगळे एकदम. उलट बरंच झालं, दोन-दोन वेळा बँकेत जायला नको.”

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या चाकाकडे वळल्या.

मग घरात मगच मग झाले. टेबलावर मग, कपाटावर मग, वर्तमानपत्रावर मग. अप्पांना बातम्या मगांच्या मधून वाचाव्या लागत. त्यांचा चष्मा एकदा सापडला तो एका मगात, आणि त्या मगाला तो शोभतही होता. काकू पहाटे उठत. कंबर धरून उठत, कंबर धरून बसत. आठवड्यातून कितीदा तरी टोपली घेऊन बाईंकडे जात. जितके मग लागणार होते त्याहून पुष्कळ जास्त करावे लागले, कारण बस प्रत्येक खेपेला आपला वाटा घेत होती. “ही शेवटची खेप बरं का,” त्या कंबरेला मलम चोळत म्हणत. “एकदा भट्टी आली, की मागच्या खोलीत पावलं मोजत जाईन.”

माल वेळेत गेला. एकही परत आला नाही. शेठनी निरोप पाठवला: मग उत्तम आहेत, लोक हातातून खाली ठेवत नाहीत. पैशांबद्दल निरोपात काही नव्हतं.

पैसे मागायला अप्पा स्वतः गेले. म्हणजे शोरूमच्या दारापर्यंत गेले. पण नुसते पैसे मागायला आत शिरायचं म्हणजे कसं दिसेल? काही निमित्त हवं. म्हणून त्यांनी एक साबणदाणी घेतली. साबणदाणीचे पैसे देताना शेठ भेटले, “काय साहेब, मजेत ना?” म्हणाले, आणि अप्पा “अगदी मजेत” म्हणून घरी आले. पुढच्या खेपेला मेणबत्तीचा स्टँड आला. त्याच्या पुढच्या खेपेला पितळी बेडूक आला.

“हा बेडूक कशाला?” काकूंनी विचारलं.

“दारात बरा दिसेल.”

“आणि आपले पैसे?”

“शेठ आज गडबडीत होते.”

“बेडकाचे पैसे घ्यायला होते ना मोकळे?”

शेवटी अप्पांनी विषय काढला. काढला म्हणजे ‘हिशेबाचं कोण बघतं हो तुमच्याकडे?’ असं हवेत विचारलं. शेठनी वर बोट केलं. माडीवर हिशेब खातं होतं आणि तिथे चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारा एक कारकून बसला होता. तो म्हणाला, बिल तीन प्रतींत लागतं. तीन प्रती नेल्या. तो म्हणाला, पुरवठादार क्रमांक लागतो. क्रमांक कोण देतं? मीच देतो. मग द्या. त्याचा फॉर्म भरावा लागतो. फॉर्म कुठे आहे? फॉर्म संपलेत.

दुसरा कोणी असता तर इथे चिडला असता. अप्पांना मात्र घरी आल्यासारखं वाटलं. ही सगळी कारणं त्यांच्या ओळखीची होती. काही तर त्यांनी स्वतः वापरलेली होती. शिवाय त्या माडीवरचा पसारा पाहून त्यांचा जीव कळवळला. शेठना लोकांकडून येणं असलेली बिलं आणि शेठनी लोकांना देणं असलेली बिलं एकाच खोक्यात होती, आणि खोक्याखाली मांजर झोपत होतं.

“हे वेगळं करायला हवं,” अप्पा म्हणाले.

“करायला हवं खरं,” कारकून म्हणाला. “पण करतंय कोण?”

अप्पांनी खुर्ची ओढली.

तुम्हांला वाटेल, एक दिवसाचं काम. पण अशी कामं एका दिवसात कधी संपत नाहीत. ढीग वेगळे झाले तेव्हा दिसलं, की किती हॉटेलांनी, किती दुकानांनी शेठचे पैसे थकवले आहेत. ते पाहून वसुली खात्यातला जुना माणूस अप्पांच्या आत जागा झाला. त्यांनी कागद मागितला. कारकुनाने शोरूमचं नाव छापलेला कागद दिला. डोक्यावर नाव, पायाशी शिक्का! अप्पांची लेखणी सुटली. ‘आपणांस पुन्हा एकदा कळविण्यात येते की...’

पैसे येऊ लागले. ज्या हॉटेलवाल्याने शेठना पाहून रस्ता बदलायची सवय लावून घेतली होती, तो स्वतः येऊन रोख मोजून गेला. शेठ माडीवर आले. “साहेब, कमाल आहे तुमची!” त्यांनी अप्पांना खिडकीपाशी टेबल दिलं. अप्पा रोज सकाळी डबा घेऊन जाऊ लागले.

“आज एका बड्या असामीकडून वसूल केले,” संध्याकाळी ते पंख्याखाली बसून सांगत.

काकूंचे डोळे चमकत. “आपले?”

“नाही, शेठचे.”

आणि काकूंच्या बिलाचं काय झालं? ते देणी असलेल्या ढिगात होतं. ढीग अप्पांच्याच टेबलावर होता. कोणतं बिल आधी शेठपुढे सहीला न्यायचं, हे आता अप्पाच ठरवत होते. पण आपल्या हाताने आपलंच बिल वर ठेवायचं? लोक काय म्हणतील? म्हणून त्यांनी ते सगळ्यात खाली ठेवलं. रोज वरची बिलं निघत, रोज नवी येत, आणि अप्पा ढीग नीट करताना आपलं बिल शोधून पुन्हा तळाशी सरकवत. मनातून त्यांना आपल्या या सचोटीचा अभिमानही वाटत होता.

असंच चाललं असताना एका रविवारी फोन वाजला. काकू चाकावर होत्या, हात कोपरापर्यंत भरलेले. फोन अप्पांनी घेतला. पलीकडून बाई बोलत होत्या.

“अप्पा, माझी मुलगी येतेय हो आता. खोली रिकामी करायची आहे. माझ्या शिष्येला म्हणावं, भट्टी घेऊन जा. पैशांची काळजी करू नको म्हणावं. जमतील तसे दे, थोडे थोडे करून दे. मला काही घाई नाही.”

अप्पांची मान ताठ झाली. उधारी! ज्या माणसाने आयुष्यभर उधारी थकवणाऱ्यांना पत्रं लिहिली, त्याच्या घरात उधारीवर भट्टी? “छे छे, बाई,” ते म्हणाले. “आम्ही कोणाचं बाकी ठेवत नाही. रोख देऊ, मगच नेऊ.”

“अहो, पण दुसरं एक गिऱ्हाईक विचारतंय...”

“तुम्ही आमच्यासाठी अडून राहू नका. तुम्ही तुमचं बघा.”

मग बाई म्हणाल्या, “बरं. तुम्ही म्हणता तर तसं.”

“कोणाचा फोन?” काकूंनी बाल्कनीतून विचारलं.

“बाईंचा. तुझी आठवण काढत होत्या.”

हे खोटं नव्हतं. पण खरं म्हणावं असंही त्यात फारसं काही नव्हतं.

त्यानंतर काही दिवसांनी काकूंनी चाक थांबवलं, हात धुतले, चांगली साडी नेसल्या आणि दुपारच्या वेळी स्वतःच शोरूममध्ये पोचल्या. अप्पा माडीवर एक पत्र लिहीत होते. खालून ओळखीचा आवाज आला तेव्हा त्यांच्या पेनाने ‘पुन्हा’वरच एक मोठा ठिपका पाडला. ते जिन्यावर येऊन उभे राहिले.

“नमस्कार,” काकू म्हणत होत्या. “मगांचे पैसे अजून आले नाहीत. मला हवे आहेत.”

बस्स. तब्येत नाही, साबणदाणी नाही, बेडूक नाही. शेठ गल्ल्यामागून उठले.

“आले नाहीत? अहो वहिनी, काय सांगता!” त्यांचा चेहरा खरोखरच गोंधळला होता. “मी तर पहिल्याच दिवशी अर्ध्याचा चेक लिहायला घेतला होता. साहेबच नको म्हणाले. म्हणाले, आमचं काही तसं नाही.”

काकूंनी वर पाहिलं. अप्पा जिन्याच्या मधल्या पायरीवर होते. वर जावं की खाली यावं, हे ठरवायला ती पायरी फार वाईट होती.

“आणि नंतरचे?” काकूंनी विचारलं.

शेठनी कारकुनाला हाक मारली. कारकून चष्मा कपाळावर ठेवून, हातात ढीग घेऊन उतरला आणि त्याने तळाचं बिल ओढून काढलं. “हे होय? हे साहेबांनीच खाली ठेवलंय. मी दोनदा वर काढलं होतं. साहेब म्हणाले, आधी बाकीच्यांचं होऊ दे.”

शेठनी ड्रॉवर उघडला, चेक लिहिला, सही केली, फुंकर मारली आणि दोन्ही हातांनी काकूंना दिला. एवढ्याला लागतो तेवढाच वेळ लागला. “माफ करा वहिनी,” ते म्हणाले. “मला वाटलं, तुम्हांला घाई नाही.”

“मला होती,” काकू म्हणाल्या.

बाहेर आल्यावर त्या घरच्या दिशेला वळल्या नाहीत. त्या बाईंच्या बसच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. अप्पाही उभे राहिले. संपूर्ण प्रवासात काकूंनी पर्स दोन्ही हातांनी धरली होती. दोनदा त्यांनी ती उघडून चेक आहे ना ते पाहिलं, आणि दुसऱ्यांदा त्यांच्या ओठांवर थोडं हसूही आलं. अप्पांना खिडकीतून बाहेर बघावंसं वाटलं, पण खिडकीपाशी काकू बसल्या होत्या. फोनची गोष्ट सांगायला हा एवढा सगळा रस्ता होता. प्रत्येक थांब्यावर ते मनात म्हणत, पुढच्या थांब्याला सांगू.

बाईंच्या खोलीत सामान बांधून ठेवलं होतं. मधे फरशीवर एक चौकोन होता, आजूबाजूच्या फरशीहून स्वच्छ. काकू त्या चौकोनापाशी जाऊन थांबल्या.

“परवाच नेली गं,” बाई म्हणाल्या. “स्कूटरच्या पत्र्यांना रंग देणारा एकजण आहे. रंग पक्का करायला हवी होती त्याला. मी म्हटलं होतं ना अप्पांना, की घेऊन जा, पैसे सावकाश दे. पण ते म्हणाले, रोखच देऊ, तुम्ही अडून राहू नका.” आणि मग काकूंचा चेहरा पाहून, “तुला बोलले नाहीत?”

“बोलले असतील,” काकू म्हणाल्या. “माझे हात मातीत होते. माझ्याच लक्षात राहिलं नसेल.”

अप्पांना आयुष्यात पुष्कळ जणांनी पुष्कळ बोल लावले होते. कर्जदारांनी तर शिव्याही दिल्या होत्या. पण आपली बाजू अशी सांभाळून घेतलेली त्यांना कोणत्याच शिवीहून जड वाटली.

बाईंनी चहा केला. काकूंनी तो सगळा प्यायला, कप विसळून ठेवला, बाईंना वाकून नमस्कार केला आणि तब्येतीला जपा म्हणाल्या. परत बसथांब्यावर आल्यावर अप्पा म्हणाले, “दुसरी बघू आपण. नवी बघू. पैसे आलेच आहेत आता.”

“नवीला एवढे पुरत नाहीत.”

“मी चौकशी करतो.”

“नको,” काकू म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. रस्त्यापलीकडे एक मूल फुग्यासाठी रडत होतं, त्या तिकडेच बघत होत्या. “अहो, तुम्हांला मान हवा होता, तर मला सांगायचं होतंत. मी घरातच दिला असता. त्याला काही भट्टी लागत नव्हती.”

छापील नाव नसलेल्या कोऱ्या कागदासारखं अप्पांचं मन झालं होतं. मग बस आली.

आता काकू जिथे मग भाजायला नेतात ती जागा आणखी लांब आहे, दोन बस बदलून. व्यवहाराचं त्या स्वतः बघतात, अर्धे आधी घेतात, आणि आश्चर्य म्हणजे लोक देतातही. शेठनीही पुन्हा मग मागवले. वकील म्हणतात, सल्ला आमचाच होता. अप्पा शोरूमच्या माडीवर जात नाहीत. खिडकीपाशी हल्ली कारकून बसतो आणि हॉटेलवाले पुन्हा रस्ता बदलू लागलेत, असं ऐकिवात आहे.

टोपली अप्पा नेतात. तेवढं त्यांनी मागून घेतलं. ती मांडीवर धरून ते ताठ बसतात, पाठ टेकवत नाहीत, खड्डा दिसला की टोपली दोन्ही हातांनी अधांतरी उचलतात. शेजारचा प्रवासी हमखास म्हणतो, “काका, खाली ठेवा की, दमाल.” अप्पा म्हणतात, “नको. कच्चं आहे.”

परवा चालकाने एकदम ब्रेक मारला. अप्पांनी टोपली उचलली, पण थोडा उशीर झाला. आत कुठेतरी एक बारीकसा आवाज झाला, कान तुटल्याचा. काकू पुढच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांना तो ऐकू गेला असणार, कारण त्यांचा खांदा जरासा हलला. पण त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी वळून पाहिलं असतं, दोन शब्द बोलल्या असत्या, तर बरं झालं असतं, असं अप्पांना उतरेपर्यंत वाटत राहिलं.